उताराचे महाराज

"वाढला! आकडा वाढला!"

चिखलदऱ्याचा घाट खाली उतरून जिथे संपतो, तिथल्या मैदानात त्या अमावास्येला पाय ठेवायला जागा नव्हती. अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, सगळीकडून बॅटरीवर चालणाऱ्या मालगाड्या आल्या होत्या. प्रत्येक गाडीपुढे लिंबू-मिरची लटकत होती आणि प्रत्येक मालकाच्या नाकी नऊ आले होते. डिझेलचा खर्च वाचेल म्हणून हौसेने गाडी घेतली. मग कळलं, की हमरस्त्यावर चार्जर आधी सापडत नाही, आणि सापडला तर त्यावर कुणाची तरी मोटार लागलेली असते. ती निघेपर्यंत ड्रायव्हरचे चार चहा होतात आणि व्यापाऱ्याचे चाळीस फोन येतात. त्यात वऱ्हाडातला उन्हाळा. बॅटरी तापली की चार्जिंग रुसून बसतं, पण बँकेचा हप्ता काही रुसत नाही. या माणसांना चार्जर हवे होते. चार्जर मिळाले नाहीत, महाराज मिळाले.

ऊर्जानंद महाराज एका रिकाम्या गाडीच्या फाळक्यावर उभे होते. अंगात भगवं रेशीम, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात रुद्राक्षांच्या जोडीला तांब्याच्या तारेचं वेटोळं.

"वर माथ्यावर चार्ज किती होता?"

"बावन्न!"

"आता किती आहे?"

"अठ्ठावन्न!"

"गाडी चालली, आणि चार्ज वाढला! अरे, कंपनीचे इंजिनिअर डोकं आपटून घेतील, तरी त्यांना हे कळायचं नाही. डिझेल तामस आहे. ते जळतं आणि जाळतं. वीज सात्त्विक आहे, ती वाहते. आणि ते हायब्रीड का काय निघालंय ना, ते म्हणजे सकाळी उपास आणि संध्याकाळी मटण! त्याला शक्ती लाभत नाही!"

मैदान खदखदून हसलं. एका म्हाताऱ्याने मान वर करून विचारलं, "मंग महाराज, तुमची स्वताची गाडी डिझेलची काहून हाय जी?"

महाराज गोड हसले. "बाबा, पाणपोईवाला स्वतः तहानलेलाच असतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. या वाक्याचा अर्थ काय, हे कुणी विचारलं नाही. टाळ्या वाजवायला अर्थ लागतोच असं नाही.

महाराजांचे नियम तीन. लाल कापडात बांधलेलं शक्तियंत्र गाडीत ठेवायचं. घाट उतरताना भगवतीचं नाव घ्यायचं. आणि उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही, कारण देवी तेव्हा वाहत असते आणि गिअर काढणं म्हणजे तिचा प्रवाह तोडणं. ज्याला शंका असेल त्याच्यासाठी महाराज परीक्षाही ठेवत. आजही त्यांनी अकोल्याच्या एका जुन्या ड्रायव्हरला यंत्राशिवायची गाडी देऊन माथ्यावरून खाली सोडलं होतं. "तुला यंत्र नाही, म्हणून नियमही नाही. तू तुझ्या पद्धतीने ये." तो वीस वर्षांच्या सवयीप्रमाणे गाडी न्यूट्रलमध्ये सोडून, ब्रेकवर पाय ठेवून आरामात उतरला. त्याचा आकडा पन्नासचा पन्नासच राहिला. आता याहून मोठा पुरावा काय हवा?

या टाळ्यांमध्ये एका बाईचे हात नव्हते. बडनेऱ्याच्या बेबीताई भुयार गर्दीतून वाट काढत पुढे येत होत्या. दोन बॅटरीच्या गाड्यांच्या त्या मालकीण. नवरा, देवराव, जन्मभर डिझेलचा ट्रक चालवून करोनात गेला. तो ट्रक विकून आणि वर कर्ज काढून बेबीताईंनी या दोन गाड्या घेतल्या होत्या. रेटारेटीत त्यांच्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला. ती चप्पल हातात घेऊनच त्या फाळक्यासमोर उभ्या राहिल्या.

"महाराज, माह्या गाडीत तुमचं यंत्र होतं. माह्या ड्रायव्हरनं यंत्राच्या भरवशावर चार्जिंग केलं नाही, अन् गाडी मूर्तिजापूरच्या अलीकडं भर रस्त्यात बंद पडली. असं काहून झालं?"

महाराजांनी चष्मा काढला.

"गाडी कुणाच्या नावावर आहे?"

"माह्याच."

"आणि यजमान?"

"वारले."

महाराजांनी डोळे मिटले, जणू आतून कोणी पत्ता सांगत होतं. "लोकहो, सौभाग्य नाही तिथे शक्ती कशी थांबेल? ही बाई पांढऱ्या पायाची आहे. हिने नवरा खाल्ला, माझं यंत्रही खाल्लं. हिच्या गाडीच्या पुढे-मागे आपली गाडी लावू नका. तुमचीही शक्ती ओढून घेईल."

बेबीताईंच्या बाजूची माणसं मागे सरकली. त्यांच्याभोवती एक रिकामं वर्तुळ झालं आणि त्या एका पायात चप्पल घालून त्यात उभ्या राहिल्या. रडू आलं नाही. आला तो राग, आणि तो पुढे महिनाभर उतरला नाही.

महाराजांच्या त्या बोलण्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी नांदगाव पेठेत कळला. तिथल्या कापड कारखान्याच्या गेटवर महादेवराव नावाचा ठेकेदार गाड्यांना माल वाटून देई. पहाटेपासून रांग लागायची. पहिल्या गाडीची बोहनी नारळ फोडून व्हायची, मग बाकीच्या भरायच्या. बेबीताईंची गाडी दिसताच महादेवराव स्वतः चालत आला.

"ताई, राग नका मानू. पन तुमची गाडी लाइनीत नको. बाकीचे मालक नाई म्हनून राहिले."

"महादेवभाऊ, आमच्या घरच्यायनं जनम तुमचा माल वाह्यला. तवा माहे पाय कोन्या रंगाचे होते?"

"तवा ते होते ना, ताई," महादेवराव म्हणाला. बोलताना तो त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हता. सकाळची वेळ, बोहनी व्हायची होती.

त्याच आठवड्यात ड्रायव्हर गोपालही आला. दाराच्या आत पाऊल न टाकता त्याने किल्ली उंबऱ्यावर ठेवली. "ताई, माही बायको भेते," एवढंच म्हणाला. ज्याने चार्जिंग टाळून गाडी बंद पाडली, तोच आता गाडीला भीत होता. दोन गाड्या दारात उभ्या, आणि गल्लीतली पोरं त्यांना हात लावायला घाबरायला लागली. आणखी दोन महिने हे असंच चाललं असतं, तर बँकेने गाड्या ओढून नेल्या असत्या आणि देवरावच्या नावाचं शेवटचं काही उरलं नसतं. बेबीताईंना हे दिसत होतं. देवघरातल्या दिव्यापुढे बसून त्यांनी क्षमा मागितली नाही, शांतीही मागितली नाही. "त्याले माह्या पायाशी आन," एवढंच त्या म्हणाल्या.

देव काही करील म्हणून त्या बसून मात्र राहिल्या नाहीत. लायसन्स होतं. डिझेलच्या गाडीला त्यांनी कधी हात लावला नव्हता, पण बॅटरीच्या गाडीला क्लच नाही, गिअर बदलायची कटकट नाही. त्यांनी पदर खोचला आणि जे काम कुणालाच नको होतं ते घेतलं. चिखलदऱ्याच्या हॉटेलांना किराणा आणि पाण्याच्या बाटल्या पोचवायच्या. बाकीचे बॅटरीवाले अमावास्या सोडून एरवी त्या घाटाकडे फिरकत नसत, कारण भरलेली गाडी घाट चढताना चार्ज ढसाढसा पिते. बेबीताईंनी त्यावर तोड काढली. परतवाड्यात इंदूबाईची पिठाची गिरणी होती. गिरणीच्या जोरदार विजेवर गाडी लावायची, चार्ज होईपर्यंत इंदूबाईशी सुखदुःख बोलायचं, मग घाट धरायचा.

पहिल्याच खेपेला चढताना जवळजवळ चाळीस टक्के चार्ज गेला. परत येताना एका हॉटेलच्या जुन्या लोखंडी भंगाराचं भाडं मिळालं. माथ्यावर आकडा होता अडतीस. घाट उतरून बेबीताईंनी सहज समोर पाहिलं. चव्वेचाळीस.

त्यांनी गाडी कडेला घेतली. क्षणभर हात आपोआप जोडले गेले, आणि जोडलेले हात पाहून त्यांचं त्यांनाच हसू आलं. यंत्र गाडीत नव्हतंच. ते त्यांनी संतापाने उपटून बडनेऱ्याला मोरीतल्या डब्यात टाकलं होतं. भगवतीचं नावही घेतलं नव्हतं, उलट वळणावळणावर महाराजाला शिव्या घातल्या होत्या. तरी आकडा वाढला होता, आणि तोही पांढऱ्या पायाच्या बाईच्या गाडीत!

घरी पोचताच त्यांनी डब्यातलं यंत्र काढून विळीने उसवलं. आत निघाला फुटक्या स्पीकरचा लोहचुंबक, हातभर तांब्याची तार आणि लाखेचा गोळा. ते सगळं ओच्यात घेऊन त्या शेजारच्या गल्लीत रश्मी इंगळेकडे गेल्या. रश्मी बडनेऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. गल्लीतली निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेली होती आणि उरलेली निम्मी तिला घाबरून होती.

रश्मीने सगळं ऐकलं. मग एकच प्रश्न विचारला, "ताई, उतरताना तुम्ही गाडी न्यूट्रल केली होती?"

"नाई. मले ते जमतच नाई. गोपाल करे. सारे ड्रायव्हर करतात, डिझेल वाचते म्हनून."

रश्मी हसली. "पुढच्या खेपेला मी येते."

रविवारी दोघी माथ्यावरून निघाल्या. रश्मीच्या सांगण्यावरून बेबीताईंनी वरचा सौम्य उताराचा तुकडा गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, अगदी हळू उतरवला. आकडा हलला नाही आणि ब्रेकचा जळका वास यायला लागला. मग गाडी पुन्हा गिअरमध्ये घेतली. ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच गाडी कुणी मागून धरल्यासारखी स्वतःच मंद झाली. दोन-तीन वळणं गेली आणि आकडा एकाने चढला.

"सायकलचा डायनामो आठवतो ना?" रश्मी म्हणाली. "चाक फिरलं की दिवा लागायचा, आणि दिवा लागला की पायडल जड व्हायचं. या गाडीची मोटर तशीच आहे. चढावर ती वीज खाऊन चाक फिरवते. उतारावर चाक तिला फिरवतं आणि ती वीज तयार करते. ती वीज बॅटरीत जाते, म्हणून गाडीही आवरली जाते. न्यूट्रल केलं की मोटरचं वीज बनवणं बंद. मग सगळी ताकद ब्रेक तापवण्यात गेली."

"म्हनजे यंत्राचा काहीच संबंध नाई?"

"यंत्राचा नाही, नियमाचा आहे. तो चमत्कार यंत्राने होतो म्हणतो, पण काम करतो तो 'न्यूट्रल करू नका' हा नियम. बिनयंत्राच्या ड्रायव्हरला तो मुद्दाम सांगतो, तुझ्या पद्धतीने ये. वीस वर्षं डिझेल चालवलेला माणूस गिअर काढणारच."

बेबीताईंनी घाटाकडे मागे वळून पाहिलं. "पन मॅडम, चढतानी चाळीस गेले अन् उतरतानी सहाच आले."

"तेच तर. तो लोकांना फक्त उतार दाखवतो. गाडी वर न्यायला किती लागले, हे अजून कुणी विचारलेलं नाही."

रश्मीचं म्हणणं होतं, जादूटोणाविरोधी कायदा आहे, सरळ पोलिसांत तक्रार द्यावी. बेबीताईंनी मान हलवली. "तक्रार द्या. लेखी द्या. पन त्यानं मले चारचौघांत पांढऱ्या पायाची म्हनलं. मले त्याची जिरवाची हाय, अन् तेही चारचौघांतच. पोलिसायले म्हना, पुढच्या अमावास्येले या, दुपारून."

"ताई, हा सूड झाला."

"हो. सूडच हाय," बेबीताई म्हणाल्या.

पुढच्या अमावास्येला बेबीताई चिखलदऱ्याच्या माथ्यावर महाराजांसमोर पदर पसरून उभ्या होत्या. गाडीत भंगार भरलेलं. आकडा चोवीस, मुद्दाम ठेवलेला. भोवती गाडीवाल्यांचा घोळका, त्यात महादेवराव आणि गोपालही होते.

"महाराज, चुकलं माहं. माही गाडी शुद्ध करून द्या."

महाराजांना आकाश ठेंगणं झालं. वाकलेली विधवा, तीही एवढ्या गर्दीसमोर! अशी जाहिरात पैसे देऊन मिळत नाही. "यंत्र कुठे आहे?"

"नवीन कापडात बांधून ठेवलं, महाराज. विटाळ नको म्हनून कोनालेच हात नाई लावू देल्ला." त्यांनी डॅशबोर्डवरचं लाल गाठोडं दाखवलं.

महाराजांनी गाठोड्यावर हळद-कुंकू वाहिलं. झेंडूचा हार घातला. डोकं टेकवलं. मग गर्दीकडे वळून आकडा मोठ्याने वाचला, "चोवीस! सगळ्यांनी पाहून घ्या. आज मी स्वतः या गाडीत बसतो. शापित गाडीतही शक्ती कशी उतरते, ते खाली बघा!"

घाट उतरताना महाराज डोळे मिटून पुटपुटत होते; मागून त्यांची डिझेलची गाडी आणि सगळा घोळका येत होता. बेबीताई गिअरला हात न लावता निमूट गाडी चालवत होत्या. मैदानात पोचले तेव्हा आकडा तीस होता. माणसांनी जयजयकार केला. महाराज फाळक्यावर चढले आणि हात वर करून म्हणाले, "बघा माझ्या यंत्राचा प्रताप! पांढऱ्या पायाच्या बाईलाही त्याने तारलं!"

बेबीताई ते गाठोडं घेऊन फाळक्यापाशी आल्या. "महाराज, यंत्र सोडून दाखवू का साऱ्यायले?"

महाराज काही बोलायच्या आत त्यांनी गाठ सोडली. हार खाली पडला. कापडातून निघाली एक जुनी, अंगठा तुटलेली, हळद-कुंकवाने माखलेली उजव्या पायाची चप्पल.

बेबीताईंनी चप्पल वर धरली आणि गोल फिरून सगळ्यांना दाखवली.

"हे माही चप्पल हाय. याच मैदानात तुटली. ज्या पायाले यानं पांढरा म्हनलं, त्याच पायातली. यानं तिले हार घातला, कुंकू वाह्यलं, डोकं टेकवलं. अन् आकडा वाढला! आता सांगा, शक्ती कोनाची? महाराजाची का माह्या चपलेची?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हसू पसरत गेलं. महादेवराव तेवढा हसला नाही, त्याच्या स्वतःच्या चारही गाड्यांत यंत्रं होती. महाराजांचा चेहरा उतरला, पण पट्टीचा माणूस, तोल सावरला.

"मूर्खांनो, हसता काय? यंत्र नव्हतं तरी चार्ज वाढला, म्हणजे काय? मी गाडीत होतो! शक्ती यंत्रात नाही, माझ्या देहात आहे!"

बेबीताई याचीच वाट पाहत होत्या. त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि अदबीने हात दाखवला.

"मंग बसा महाराज. उतार झाला. आता तुमच्या देहासंग चढ चढू. माथ्यावर आकडा वाढलेला दिसला, तर माह्या दोन्ही गाड्या तुमच्या."

"हो, हो, चढवा!" गर्दी ओरडली. भक्तांना चमत्कार हवा होता, हसणाऱ्यांना तमाशा. महाराजांनी आपल्या डिझेलच्या गाडीकडे पाहिलं. तिच्यापुढे रश्मीची स्कूटर आडवी लागलेली होती. महाराज निमूट आत बसले.

भंगाराने भरलेली गाडी घाट चढायला लागली. मागे मोटरसायकलींची आणि काही मालगाड्यांची रांग, एका मोटरसायकलवर मागे बसून रश्मीही. पहिल्या वळणावर बेबीताईंनी खिडकीतून डोकं काढून ओरडून सांगितलं, "सव्वीस!" पुढच्या मोठ्या वळणावर, "एकवीस!" मागची रांग ती खबर शेवटपर्यंत पोचवत होती.

"महाराज, नाव घ्या ना भगवतीचं. चुप काहून बसले?"

महाराजांनी मागे पाहिलं आणि आवाज खाली आणला. त्याबरोबर त्यांची ती मंचावरची शुद्ध भाषाही खाली आली. "ताई, गाडी थांबवा. आपन बसून बोलू. महादेवराव माह्या शब्दाबाहेर नाई. नांदगाव पेठेचा सारा माल तुमच्या गाड्यायले देतो."

"सोळा!" बेबीताई खिडकीतून ओरडल्या. मग आत वळून म्हणाल्या, "नाव काय रे तुह्यं? खरं नाव."

"कुलदीप. शोरूममध्ये होतो. बॅटरीच्याच गाड्या विकत होतो." तो एकदम चिडून बोलायला लागला. "ताई, दोन वर्षं म्या प्रत्येक गिऱ्हाइकाले डिलिव्हरीच्या टायमाले सांगतलं, उतारावर न्यूट्रल करू नका, चार्ज वाढते. फुकट सांगतलं. एकानं आयकलं नाई. सारे नारळ फोडण्यात अन् फोटो काढण्यात. तेच भगवं घालून सांगतलं, तर पायावर डोकं ठेवतात. आता यात माही चूक का त्यायची?"

बेबीताईंना डिलिव्हरीच्या दिवशी फोडलेला आपल्या गाडीचा नारळ आठवला. शोरूमचा एक पोरगा त्या दिवशी खरंच काहीतरी सांगत होता. त्यांनीही ऐकलं नव्हतं.

"त्यायची चूक हायच," त्या म्हणाल्या. "माहीही हाय. पन त्यात माहे पाय कुठून आले रे? गाडी बंद पडली, तर म्हनाचं होतं, यंत्र बिघडलं. माह्या मेलेल्या मानसाले मधात काहून ओढलं?"

समोर कासवाचं पिवळं चिन्ह लागलं. बॅटरी संपत आली की या गाड्यांना ते लागतं, आणि मग गाडीही कासवासारखीच चालते. बेबीताईंनी हसत हसत "चार!" अशी आरोळी दिली. माथा अजून बराच वर होता, तेव्हा एका रुंद वळणावर गाडीने मान टाकली. बेबीताईंनी हँडब्रेक ओढला, खाली उतरून चाकामागे दगड लावले आणि महाराजांचं दार उघडलं.

"उतरा. ढकला."

डोक्यावर भर दुपारचं ऊन. मागची माणसं येऊन गोल उभी राहिली. रेशमी कफनीतला माणूस खाली उतरला आणि भंगाराच्या गाडीला खांदा लावून उभा राहिला. गाडी तसूभरही हलली नाही. त्याचा चष्मा रस्त्यावर पडला, त्यावरून कुणाचा तरी पाय गेला. दोघा-तिघांनी बाह्या सरसावल्या. बेबीताईंनी त्यांना हाताने मागे सारलं.

"कोनी मारू नका. मारलं तर उद्या याचेच चेले म्हनतीन, महाराजायवर अत्याचार झाला. त्याले ढकलू द्या. मले पाहू द्या."

आणि त्यांनी पाहिलं. दगडावर बसून, पाण्याची बाटली मांडीवर ठेवून, पोटभर पाहिलं. पोलिसांची गाडी येऊन त्याला घेऊन जाईपर्यंत त्यांनी त्याला थांबू दिलं नाही. रश्मीने मात्र तेवढ्या वेळात त्या वळणावरच वर्ग भरवला. डायनामो, मोटर, न्यूट्रल, ब्रेक, सगळं सांगितलं. अकोल्याचा तो जुना ड्रायव्हर पुढे होऊन ऐकत होता. शेवटी त्याने कपाळावर हात मारला. "म्हनजे मी गिअर काढला, म्हनून माहा आकडा वाढला नाई? अन् मी घरी जाऊन यंत्र घेतलं!" त्याने आपल्या गाडीतलं यंत्र आणून दरीत भिरकावलं. त्याच्यामागे आणखी पाच-सहा जणांनी.

रश्मी म्हणाली, "यंत्र फेकलं, चांगलं केलं. आता एक करा. निघण्याआधी विचार करा, वाट किती, चढ किती, वजन किती, चार्जर कुठे. परतवाड्याला इंदूबाईंच्या गिरणीवर सोय आहे. अशा दहा सोयी आपणच शोधू. त्यासाठी डोकं टेकवायचं नाही, डोकं वापरायचं."

दोन दिवसांनी बेबीताई पहाटे नांदगाव पेठेच्या गेटवर गेल्या. महादेवरावाने लांबूनच रांग थांबवली आणि हातात नारळ घेऊन समोर आला.

"ताई, आज बोहनी तुमच्या गाडीची."

"आधी माह्या तोंडाकडं पाहा, महादेवभाऊ."

तो खाली पाहत राहिला.

"खाली नाई. तोंडाकडं. बोहनीच्या टायमाले."

महादेवरावाने मान वर केली. पाठीमागे सगळे ड्रायव्हर उभे होते. बेबीताईंनी त्याला तसंच उभं ठेवलं, त्याच्या कपाळावर घाम येईपर्यंत. मग म्हणाल्या, "भरा गाडी."

गठ्ठे चढत असताना गोपाल कडेकडेने जवळ आला. त्याला काम परत हवं होतं, पण तोंडातून निघालं भलतंच. "ताई, तुमची थे चप्पल... एक डाव माह्या भावाच्या गाडीले बांधून पाहू देता का? भल्ला पावर हाय म्हनतात तिच्यात. परतवाड्यात सारीकडं बोलनं चालू हाय."

बाकीचे दोघे-तिघेही कान टवकारून उभे होते. यांच्या गळ्यातून एक महाराज काढला, तर हे चपलेला हार घालायला निघाले! चिडून बेबीताईंनी उजवा पाय पुढे केला. पायात तीच चप्पल होती, अंगठा नवीन शिवलेला, कुंकू धुऊन टाकलेलं.

"चप्पल पायात घालासाठी असते, बावा," त्या म्हणाल्या. "अन् तुले परत यायचं असन, तर आज संध्याकाळी ये. पह्यले गाडी चार्जिंगले लाव, मंग बोल."

त्यांनी दार लावलं, समोरचा आकडा पाहिला आणि पहिली भरलेली गाडी गेटबाहेर काढली.

वाचकहो, उद्या तुमच्याही गावात कुणीतरी आकडा वाढवून दाखवील. टाळ्या वाजवायला तुमचे हात शिवशिवतील. थोडं थांबा, आणि त्याला एवढंच म्हणा, "महाराज, उतार पाहिला. आता चढून दाखवा."